तीस दिवसांची अट

१ सप्टेंबर

शहाण्या,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे.

काल भिंगरीच्या शाळेत तू जे दिवे लावलेस, त्यानंतर तुझं तोंड बघायची माझी इच्छा नाही, म्हणून लिहिते आहे. बक्षीस समारंभ सकाळी दहाचा. तू सकाळी दहाला पिऊन आलास. दुसऱ्याच कुणाच्या पोरीचं नाव पुकारलं तेव्हा उभा राहून "माझी पोरगी, माझी पोरगी" म्हणून टाळ्या पिटल्यास, आणि भिंगरीचं नाव आलं तेव्हा खुर्चीत मान टाकून घोरत होतास. ती स्टेजवरून तुझ्याकडेच बघत होती. चित्रकलेचं तिसरं बक्षीस होतं. तू विचारलं नाहीस म्हणून सांगते.

तू तिला स्कूटरवरून पाडून तिच्या खांद्याचं हाड मोडलंस, त्याला दहा महिने झाले. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. त्याआधी, वहिनी गेली तेव्हापासून, म्हणजे पोर चार वर्षांची असल्यापासून, ती तुझ्याजवळ होती. ती सहा वर्षं तिने कशी काढली ते तीच जाणे, कारण ती बोलत नाही.

काल फाटकाशी तू सगळ्या पालकांसमोर मला ऐकवलंस, "माझी मुलगी मला परत दे. दारूचं म्हणशील तर मनात आणलं तर उद्या सोडीन."

बरं. आण मनात. आजपासून तीस सप्टेंबरपर्यंत एक थेंब नाही. जमलं, तर एक ऑक्टोबरला मी स्वतः भिंगरीला बॅगेसकट तुझ्या दारात आणून सोडीन. एक थेंब जरी घेतलास तर ती कायमची माझ्याकडे राहील, आणि तू माझ्या जिन्याला पाय लावायचा नाहीस.

फोन करायचा नाही. फोनवर तू गोड बोलतोस, मग रडतोस, आणि दरवेळी मी मूर्खासारखी विरघळते. लिहायचं. काय होतंय, कसं वाटतंय, सगळं लिहायचं.

ताई


५ सप्टेंबर

परीक्षक बाईसाहेबांस,

गाडीचा परवाना मागायला आलेल्या बिचाऱ्यांच्या शेजारी बसायचं, मांडीवर तक्ता घ्यायचा आणि एका चुकीसाठी त्यांना नापास करायचं, हे तुझं काम. वीस वर्षं तू तेच करत आलीस. आता घरच्यांनाही तोच तक्ता लावलास, फार छान.

कसं वाटतंय ते ऐकायचंय? घे ऐकून. पहिल्या दिवशी काहीच वाटलं नाही. मीच मला शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी घाम सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. बनियन पिळून काढावं लागतं. डॉक्टरने सांगितलं, असं तडकाफडकी सोडतात का, फिट येईल, आणि मूठभर गोळ्या दिल्या. त्या खाल्ल्या की डोकं कापसाचं होतं. पायांवरून मुंग्या चालतात. बघितलं तर एक नाही. गोड इतकं खावंसं वाटतं की मी डब्यातली साखर चमच्याने खातोय, उभ्या उभ्या, ओट्यापाशी.

आणि हात. कवळीचे दात मेणात बसवायचे म्हणजे एकेक दात चिमट्यात धरून केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे करावा लागतो. काल एका रिटायर मास्तरांच्या कवळीचे समोरचे दात मी असे काही बसवले, की आमच्या दातांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ती त्यांच्या तोंडात घालून बघितली तेव्हा मास्तर आरशात बघून म्हणाले, "हा मी नव्हे." नशीब, पक्की करण्याआधी आम्ही मेणाची घालून बघतो. बाईंनी ती माझ्या टेबलावर आणून ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुझं कधीच भलं होणार नाही असं लिहिणार होतो. पण भिंगरी तुझ्या घरात आहे, म्हणून एक ऑक्टोबरपर्यंत तुझं भलं होवो.

तुझा नापास भाऊ


८ सप्टेंबर

शहाण्या,

पाच दिवससुद्धा निघाले नाहीत ना?

पाकीट फोडलं आणि स्पिरिटचा असा भपकारा आला की मला खिडकी उघडावी लागली. आणि ते अक्षर! ओळी डावीकडे जमिनीवर, उजवीकडे आभाळात. 'मुंग्या' लिहिताना पेन कागदातून आरपार गेलंय. मला काय दुधखुळी समजतोस? तुझं अक्षर मी बालवाडीपासून ओळखते. प्यायल्याशिवाय असं अक्षर येत नाही.

आणि वर घामाच्या नि साखरेच्या गोष्टी. इतकं रंगवून लिहिलंस की क्षणभर मलाही खरं वाटलं. मग तो वास आठवला.

माझ्या कामात मोठी चूक झाली की आम्ही पुढे जाऊ देत नाही. गाडी कडेला घ्यायला सांगतो. घे कडेला. तुझं पत्र मी कपाटात कुलपात ठेवलंय, उद्या नाही म्हणशील म्हणून.

ताई


१० सप्टेंबर

ताई,

तुझ्या अकलेची कमाल आहे.

माझ्या टेबलावर मेण वितळवायला दिवसभर स्पिरिटचा दिवा जळत असतो. त्याच्या शेजारी बसून, जेवणाच्या सुट्टीत, मी तुला पत्र लिहिलं. मग काय गुलाबपाण्याचा वास येणार?

आणि अक्षर. नीट ऐक. न प्यायल्यामुळे माझा हात थरथरतो. प्यायल्यावर थांबतो. म्हणून तर सकाळी दहालासुद्धा लागायची. तुला आठवतं, बाबा गेले तेव्हा मी तुला चार पानी पत्र लिहिलं होतं? तू म्हणालीस, असं पत्र मला आयुष्यात कुणी लिहिलं नाही. मोत्यासारखं अक्षर होतं ना? पाऊण बाटली पोटात होती. गेल्या सहा वर्षांत माझ्या हातचं जे जे सुबक म्हणून तू जपून ठेवलं असशील, ते सगळं प्यालेलं आहे. जे वेडंवाकडं आलं, त्याला तू नापास केलंस.

डॉक्टरीणबाईंना फोन कर. त्या माझी बाजू घ्यायच्या नाहीत, मास्तरांच्या कवळीपासून त्या माझ्यावर खारच खाऊन आहेत. विचार त्यांना.

बाकी आज दहावा दिवस. घाम कमी झालाय. आता संध्याकाळ छळते. सहाला काम संपतं. नऊला झोपायचं. मधले तीन तास कुठून आले कुणास ठाऊक, हे आधी नव्हते. मी भांडी घासतो, परत घासतो. दारूचं दुकान असलेली गल्ली टाळायची म्हणून भाजी बाजाराला वळसा घालून घरी येतो, तरी पाय तिकडे वळतात, मग मी रस्त्यात पायांना शिव्या देतो आणि लोक बघतात. चिडचिड तर अशी, की शेजाऱ्याच्या रेडिओवरून त्याच्याशी भांडलो, दूधवाल्याशी भांडलो, काल आरशाशी. बाई म्हणाल्या, "आधी तुम्ही निदान हसायचात." खरंय. पिऊन मी गोड माणूस होतो. हा जो न प्यालेला आहे ना, हा मलाही आवडत नाही.

एक विचारतो, सरळ उत्तर दे. हे तुझे तर्क तू भिंगरीच्या कानावर घातलेस का?


१४ सप्टेंबर

शहाण्या,

डॉक्टरीणबाईंशी बोलले. तू एक तारखेपासून प्यालेला नाहीस असं त्या शपथेवर सांगतात. "वागायला असह्य झालेत, पण शुद्धीवर आहेत," असं म्हणाल्या.

म्हणजे माझी चूक झाली. लिहिलं, झालं समाधान? माफी मागणार नाही.

कारण फोन ठेवला आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी असा संताप आला की हातातला पेला मी मोरीत आपटला. दोन आठवड्यांत जमतं तुला! चार गोळ्या, थोडा घाम, डबाभर साखर, एवढंच लागत होतं? मग वहिनी दवाखान्यात शेवटचे श्वास मोजत होती तेव्हा का नाही जमलं? ती दाराकडे बघत होती आणि मी तिला सांगत होते, येतोय, वाटेत आहे, गाडी मिळाली नसेल. तू कुठे होतास ते तुला माहीत आहे, मलाही आहे. खोटं बोलताना माझा चेहरा लगेच उघडा पडतो, तिनं ओळखलं आणि मान भिंतीकडे वळवली. आणि दहा महिन्यांपूर्वी? त्या दुपारी न पिता राहता नाही आलं? मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले की हा आजार आहे, बिचाऱ्याच्या हातात नाही. आता तू मला दाखवून देतोयस की होतं. हातात होतं.

तू जितके दिवस टिकशील तितका तुझा जास्त राग येणार आहे मला. तरीही टीक.

ताई


१९ सप्टेंबर

ताई,

तू माझ्या प्रश्नाला बगल दिलीस. ते मी विसरलेलो नाही. पण आधी दुसरं लिहितो, नाहीतर धीर होणार नाही.

पंधराव्या दिवसापासून झोप लागायला लागली. जेवणाला चव आली. हात बराच थांबला, मास्तरांची कवळी पहिल्यापासून पुन्हा केली, ती घालून ते बायकोकडे बघून हसले. लोक म्हणतात, डोकं साफ होतं. होतं. पण साफ झालं की आत काय पडलेलं असतं ते दिसायला लागतं, हे कुणी सांगत नाही.

स्कूटरचं मी तुम्हा सगळ्यांना काय सांगत आलो? कुत्रं आडवं आलं. भिंगरीनेही तेच सांगितलं, तुला, दवाखान्यात, शाळेत. माझ्या डोक्यातही कुत्रं होतं, पिवळं, एक कान मोडलेला. मी त्याला शिव्यासुद्धा दिल्या आहेत.

परवा दुपारी मी कवळी घासत बसलो होतो आणि सगळं आठवलं. सरळ, मोकळा रस्ता. मला डुलकी लागली. ती मागून माझा शर्ट ओढत होती, "बाबा, बाबा, जागा हो." मग आम्ही खाली. लोक धावत आले तेव्हा मी काही बोलायच्या आधी, मोडलेला खांदा धरून, तीच म्हणाली, "कुत्रं आडवं आलं." मी तिला शिकवलं नव्हतं. एका क्षणात सुचलं तिला. कान मोडलेलाही तिनेच सांगितला असणार. ज्या पोरीला इतकं सराईत खोटं बोलता येतं, तिने त्याआधी माझ्यासाठी किती वेळा बोललं असेल?

हे तुझ्या तक्त्यावर लिहून घे. त्याच्यावर तुला हवी तेवढी जागा आहे.

आणि आता सांग. पाच तारखेच्या पत्रानंतर तू भिंगरीला काय सांगितलंस? तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळतो. तुला मूलबाळ नाही, माझं ओढून घ्यायला टपली आहेस. मी पास झालेलं तुला नकोच आहे.


२३ सप्टेंबर

शहाण्या,

कुत्रं नव्हतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वीस वर्षं मी लोकांच्या शेजारी बसून गाडी चालवणं बघतेय. पण भिंगरी इतकी ठामपणे सांगत होती की मी तिला खोटं पाडलं नाही.

तुझा दुसरा आरोपही खरा आहे. तू पास व्हावंस असं मला मनापासून वाटत नव्हतं. ती गेली की हे घर मला खायला उठेल. झालं तुझ्या मनासारखं?

आता ऐक. आठ तारखेला, तुला पत्र टाकलं त्याच संध्याकाळी, मी भिंगरीला सांगितलं, तुझे बाबा पुन्हा प्यायला लागले, आता तू इथेच राहायचं. मला वाटलं रडेल. मी जवळ घ्यायच्या तयारीने बसले होते. ती रडली नाही. उठली, पलंगाखालची बॅग काढली आणि भरायला लागली. युनिफॉर्म, ब्रश, वह्या. म्हटलं, अगं कुठे चाललीस? म्हणाली, "आत्या, मला जायला हवं. बाबाला कुशीवर कोण वळवणार? उताणा झोपला आणि उलटी झाली तर गुदमरतो. गॅसही तो बंद करत नाही."

ती हे सहा वर्षांची असल्यापासून करत होती. तुझ्या पाठीला उशी लावून, परत उताणा होऊ नयेस म्हणून. कुठल्या तरी दूरच्या मावशीला विचारून शिकली होती. मी तिची सख्खी आत्या, मला पत्ता नाही.

सहा दिवस बॅग दाराशी भरलेली होती. ती शाळेतून आली की आधी विचारायची, "आज जाऊ?" मी काहीतरी थापा मारायचे. चौदाला डॉक्टरीणबाईंशी बोलल्यावर मी तिला खरं सांगितलं की माझी चूक झाली, बाबा एक थेंबही प्यालेला नाही. ती म्हणाली, "कुणी बघितलंय?" मी सांगितलं कुणी ते.  मग तिने बॅग उघडली आणि सगळे कपडे कपाटात ठेवले. पहिल्यांदाच खालच्या खणात ठेवले. दहा महिने ते बॅगेतच असायचे, मला वाटायचं पोरगी गबाळी आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. आणि परवा, जेवताना, ताटाकडे बघत मला म्हणाली, "बाबा पीत नसेल, तर मी इथेच राहिले तर चालेल ना?"

कळलं? तू पितोस तेव्हा तिला तुझ्याकडे यायचं असतं. पीत नाहीस, म्हणून तिला राहता येतंय.

मी दिलेला शब्द मोडणार नाही. तू कळव, मी तिला घेऊन येते. तू 'ये' म्हणालास तर ती येईल, हसत येईल आणि 'हो बाबा' म्हणेल. ती तुला नाही म्हणणार नाही, एवढं तुलाही माहीत आहे.

राग तसाच आहे.

ताई


२५ सप्टेंबर

ताई,

खोटारडी. हे सगळं तू रचलंस. अक्षराने फसलीस, वासाने फसलीस, म्हणून आता पोरीच्या तोंडी घालतेस. पंचवीस दिवस मी काय हाल सोसले ते कुणासाठी? तिची खोली रंगवली मी. हो, त्या तीन तासांत. पिवळी. स्टूलवर चढून, छतसुद्धा.

तिच्या हातचं पत्र पाठव. तू शेजारी बसायचं नाही. तक्ता घेऊन तर नाहीच.


२८ सप्टेंबर

बाबा,

आत्या बाहेर गॅलरीत उभी आहे. तिने सांगितलं खरं लिही आणि ती वाचणार नाही.

तू प्यायचं सोडलंस ते ऐकून मला खूप बरं वाटलं. मी पोहायला जाते. खांदा दुखत नाही. अजून मला खोल पाण्यात सोडत नाहीत.

मला इथे झोप लागते. तुझ्याकडे मी जागी राहायचे कारण तुझा आवाज ऐकावा लागायचा. तू आता पीत नाहीस तरी मला तिथे आले की ऐकावंसं वाटेल असं वाटतं. म्हणून मी इथे राहू का? मी सुट्टीत येईन.

पण तुला माझी गरज असेल तर मी लगेच येते. रागावून नाही, खरंच येते. फक्त सांग.

भिंगरी


१ ऑक्टोबर

ताई,

काल महिना पुरा झाला. एक थेंब नाही. वाटल्यास बाईंना विचारून खात्री कर.

काल संध्याकाळी सहाला मी त्या दुकानाच्या गल्लीतून गेलो. मुद्दाम गेलो. दुकानदाराने मला लांबून बघितलं आणि न विचारता माझी नेहमीची बाटली काउंटरवर ठेवली. म्हणाला, "गावाला गेला होतात की काय?" मी उभा राहून विचार करत होतो. ही घ्यायची, घरी जायचं, निम्मी संपवायची आणि तुला फोन करायचा. आज दुपारपर्यंत भिंगरी बॅग घेऊन माझ्या दारात उभी. तू दार लावून घेतलंस तरी आली असती. पिवळ्या खोलीत राहिली असती. मला कुशीवर वळवलं असतं. आणि नाही घेतली, तर ती तुझ्याकडे. आयुष्यभर मी प्यायला कारणं शोधली ताई, एवढं चांगलं कारण मला कधी मिळालं नव्हतं.

बाटली मी हातात घेतली होती. तुझ्यापासून लपवत नाही. बऱ्याच वेळाने परत ठेवली. तो म्हणाला, "दुसरी दाखवू?" म्हटलं, नको. घरी आलो आणि त्या खोलीत भिंतीला टेकून बसलो. रंगाचा वास अजून गेलेला नाही.

तिला आणू नकोस. तू जिंकलीस. ही जीत तुला पचू नये असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि तिच्या डब्यात तू रोज काय देतेस तेही लिहीत जा.

आजपासून मला कुणाची अट नाही. आज सहा वाजता मी काय करीन, ते मला माहीत नाही. काल केलं नाही, एवढं लिहून घे.

तिला उत्तर लिहायला तीनदा बसलो. तिन्ही पत्रं फाडली, कारण तिन्हींत कुठे ना कुठे 'ये' आलंच. म्हणून तूच सांग. सांग, बाबाला तुझी गरज नाही. बाबा बरा आहे, मजेत आहे, पोहायला शिक. तुझा चेहरा उघडा पडतो हे तूच लिहिलंस, आणि ती माझी पोरगी आहे, तिला फसवणं सोपं नाही. तेव्हा समोर बसून सांगू नकोस. सकाळी तिची वेणी घालशील ना, तेव्हा मागून सांग.